नाडी लागेनाशी होण्याआधी: मोठ्या धमन्यांच्या दाहाचे लवकर निदान

प्रश्न: मी तालुक्याच्या गावी फिजिशियन आहे. माझ्याकडे २३ वर्षांची एक विवाहित मुलगी चार महिन्यांपासून बारीक ताप, घटलेले वजन आणि मानेच्या डाव्या बाजूचे दुखणे घेऊन येते. ईएसआर (शरीरातील दाह दाखवणारी रक्तचाचणी) ८५ आहे, छातीचा एक्स-रे स्वच्छ आहे आणि दोन्ही मनगटांच्या नाड्या लागतात. ताकायासूचा (महाधमनी आणि तिच्या मोठ्या फांद्यांच्या भिंतींना दाह होणाऱ्या रोगाचा) संशय घ्यावा का? नाडी जाण्याआधी लक्षणे आणि इमेजिंग यांच्या आधारे हे निदान करता येते का?

उत्तर: संशय जरूर घ्यावा, आणि दोन्ही नाड्या लागतात एवढ्यावर तो सोडून देऊ नये. नाडी जाण्याआधी हा रोग ओळखता येतो. मात्र त्यासाठी धमनीची पोकळी किती अरुंद झाली आहे एवढेच पाहण्याची आपली सवय मोडावी लागते आणि तिची भिंत सुजली आहे का, हा प्रश्न आधी विचारावा लागतो. या उत्तरात मी पुन्हा पुन्हा याच मुद्द्याकडे येईन, कारण उशिरा झालेल्या निदानांच्या मुळाशी मला बहुतेक वेळा हीच चूक दिसलेली आहे.

महाधमनी आणि तिच्या पहिल्या मोठ्या फांद्या यांच्या भिंतीला तीन थर असतात. भिंत जाड असल्यामुळे तिच्या बाहेरच्या थरात तिला स्वतःला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या असतात, आणि दाहाची सुरुवात साधारणपणे तिथूनच होते. दाहाच्या पेशी तिथून मधल्या थरात उतरतात, तिथले लवचिक तंतू तोडतात, आणि या इजेमुळे आतला थर हळूहळू जाड होत जाऊन शेवटी पोकळी आवळली जाते. काहींमध्ये याउलट मधला थर इतका कमकुवत होतो की धमनी फुगते. म्हणजे अरुंद झालेली धमनी आणि गेलेली नाडी ही या प्रक्रियेची अखेर आहे. त्याआधीचे कित्येक महिने भिंत सुजलेली असते, पोकळी जवळजवळ पूर्ववत असते, नाडी भरलेली लागते आणि केवळ पोकळी दाखवणारी अँजिओग्राफी ‘नॉर्मल’ येते. औषधांचा सर्वांत जास्त उपयोग होतो तो नेमका याच महिन्यांत.

या रोगाच्या इतिहासानेही आपली नजर थोडी चुकीच्या जागी खिळवली आहे. मिकितो ताकायासू हे जपानी नेत्रतज्ज्ञ होते. २१ वर्षांच्या एका तरुणीच्या डोळ्यात, दृष्टीचेता जिथून निघते त्या जागेभोवती, रक्तवाहिन्यांचे माळेसारखे जाळे त्यांना दिसले आणि १९०८ मध्ये त्यांनी ते मांडले. अशाच रुग्णांत मनगटाची नाडी लागत नाही, हे त्याच सुमारास ओनिशी आणि कागोशिमा यांनी सांगितले. पुढे या आजाराला ‘नाडीविरहित रोग’ असे नाव पडले आणि ते विद्यार्थ्यांच्या तोंडी बसले. पण डोळ्यातले ते जाळे मानेच्या धमन्या बराच काळ आवळलेल्या असल्यामुळे डोळ्याला रक्त कमी पडल्यावर तयार होते, तेव्हा ज्या चिन्हावरून रोग ओळखला गेला तेच मुळात उशिराचे चिन्ह होते.

पाठ्यपुस्तकात आणखी एक मांडणी असते: आधी ताप आणि अशक्तपणा, मग धमन्या दुखणे, मग नाडी जाणे. ही मांडणी समजायला सोपी आहे, पण तिच्यावर विसंबता येत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ६० रुग्णांच्या अभ्यासात सुरुवातीला ताप, वजन घटणे अशी सर्वांगाची लक्षणे फक्त ३३ टक्के रुग्णांत होती. तुमच्या रुग्णेला ताप आला, ईएसआर वाढला, म्हणून ती तुमच्यापर्यंत चार महिन्यांत पोहोचली. ज्यांना ताप येत नाही, त्यांचा रोग केवळ हात लावून, कान लावून आणि चार ठिकाणी बीपी मोजूनच सापडतो.

म्हणून तपासणीबद्दल थोडे सविस्तर लिहितो. आपल्या ओपीडीत गर्दी असते, रुग्णाचा जो हात टेबलाजवळ येतो त्यालाच बीपीचा पट्टा गुंडाळला जातो आणि तोच आकडा फाइलमध्ये जातो. माझ्याकडे काही वर्षांपूर्वी २६ वर्षांची एक स्त्री आली होती. तिच्या फाइलमध्ये दीड वर्षातल्या बीपीच्या अनेक नोंदी होत्या, साऱ्या ९०/६० च्या आसपास, आणि प्रत्येक वेळी ‘बीपी लो आहे, मीठ-साखरेचे पाणी प्या’ असा सल्ला दिलेला होता. मी हाताचे बीपी घेतले तेव्हा उजवीकडे १०० आणि डावीकडे ८८ लागले. मग तिला पालथे झोपवून मांडीला मोठा पट्टा बांधला, गुडघ्यामागे स्टेथोस्कोप ठेवला, आणि पारा १९० वर असताना पहिला ठोका ऐकू आला. दोन्ही हातांना रक्त नेणाऱ्या सबक्लेव्हियन धमन्या आवळलेल्या असल्यामुळे हाताचा आकडा खोटा होता. मूत्रपिंडाच्या धमन्याही आवळलेल्या असल्यामुळे खरे बीपी धोकादायक पातळीवर होते आणि दीड वर्ष त्याला कोणतेही औषध मिळाले नव्हते.

तिच्याच फाइलच्या पहिल्या पानांवर ‘घसा दुखतो’ अशी तक्रार तीनदा लिहिलेली होती आणि तिन्ही वेळा अँटिबायोटिक दिलेले होते. मी तिला बोटाने जागा दाखवायला सांगितली, तेव्हा तिने घशाकडे बोट नेले नाही. जबड्याच्या कोपऱ्याखाली, जिथे कॅरॉटिड धमनी (मानेतून मेंदूकडे रक्त नेणारी) बोटांना लागते, तिथे ते ठेवले. सुजलेल्या कॅरॉटिडचे हे दुखणे रोगाच्या अगदी सुरुवातीचे असते. तुमच्या रुग्णेची मान डाव्या बाजूला दुखते असे तुम्ही लिहिले आहे. तिलाही बोटाने जागा दाखवायला सांगा, आणि मग हलक्या हाताने, एका वेळी एकच बाजू दाबून पाहा.

हातापायांना रक्त कमी पडते तेव्हा रुग्ण ‘क्लॉडिकेशन’ म्हणत नाही. दोरीवर कपडे वाळत घालताना हात भरून येतो, केस विंचरताना मध्येच हात खाली घ्यावा लागतो, कणीक मळताना मनगटातले बळ जाते आणि थांबले की परत येते, असे ती सांगते, तेही विचारल्यावरच, कारण हे दुखणे सांगण्यासारखे आहे असे तिला वाटत नाही. हे प्रश्न नावानिशी विचारा. त्यानंतर दोन्ही मनगटे, दोन्ही कोपरे, दोन्ही मानेच्या बाजू, दोन्ही जांघा आणि पाऊल अशा सगळ्या जागी नाडी पाहा, आणि नुसती लागते की नाही हे न लिहिता दोन्ही बाजू सारख्या भरतात का तेही लिहा. स्टेथोस्कोप मानेवर, कॉलरबोनच्या वरच्या खळग्यात, बेंबीच्या वर दोन्ही बाजूंना आणि पाठीवर ठेवावा. कॉलरबोनच्या खळग्यात ऐकू येणारा ‘सूं’ असा आवाज अनेकदा नाडी जाण्याच्या बऱ्याच आधी सापडतो. चारही हातापायांचे बीपी मोजायला जेमतेम दहा मिनिटे लागतात. दोन हातांतील वरच्या आकड्यात १० पेक्षा जास्त फरक १९९० च्या अमेरिकन निकषांत धरला जात असे; २०२२ च्या निकषांत तो २० किंवा अधिक असा घेतला आहे. पायाचे बीपी हातापेक्षा थोडे जास्त असते, ते कमी भरले तर महाधमनीचा खालचा भाग तपासलाच पाहिजे.

आपल्याकडच्या रुग्णांविषयी एक गोष्ट इथेच सांगतो. जपानमध्ये महाधमनीची कमान आणि तिच्या फांद्या जास्त सापडतात. भारतीय रुग्णांत पोटातील महाधमनी आणि मूत्रपिंडाच्या धमन्या यांचा सहभाग मोठा असतो, त्यामुळे पहिली खूण पुष्कळदा वाढलेले बीपी हीच असते. तिशीच्या आतल्या स्त्रीचे, किंवा त्याहूनही लहान मुलीचे, बीपी वाढलेले सापडले आणि कारण माहीत नसले, तर ताकायासू मनात आलाच पाहिजे. लहान मुले तर थेट हृदय थकल्याच्या अवस्थेत येतात आणि त्यांना ‘कार्डिओमायोपथी’चे (हृदयाच्या स्नायूच्या आजाराचे) लेबल लागते. गरोदरपणात प्रथमच नियमित बीपी मोजले जाते आणि तिथे रोग सापडतो, असेही पुष्कळदा घडते.

आता रक्ताच्या तपासण्या. ईएसआर ८५ असणे तुमच्या संशयाला बळ देते, पण निदान करत नाही, कारण टीबीपासून ल्यूपसपर्यंत कशातही तो वाढतो. याची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे: ईएसआर आणि सीआरपी (दाहाची दुसरी रक्तचाचणी) सामान्य आले म्हणून रोग शांत आहे असे धरता येत नाही. वर उल्लेखलेल्या १९९४ च्याच अभ्यासात, लक्षणांवरून रोग थंड झाला असे मानून शस्त्रक्रिया केलेल्या रुग्णांच्या धमनीचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा त्यांतील ४४ टक्क्यांमध्ये दाह चालूच होता. या रोगासाठी एएनए किंवा अँका (स्वतःच्याच शरीरावर उलटणारी प्रतिपिंडे शोधणाऱ्या चाचण्या) यांसारखी नेमकी रक्तचाचणी नाही. त्या चाचण्या इतर आजार वगळण्यापुरत्या कराव्यात, त्यांत रुग्णाचे फार पैसे घालवू नयेत.

इमेजिंगमध्ये काय मागायचे, यापेक्षा कागदावर काय लिहून मागायचे, याला मी जास्त महत्त्व देतो. ‘कॅरॉटिड डॉपलर’ एवढेच लिहिले तर रेडिओलॉजिस्ट रक्ताचा वेग मोजतात आणि ‘लक्षणीय स्टेनोसिस (अरुंदपणा) नाही’ असा अहवाल येतो. विचारलेल्या प्रश्नाचे ते उत्तर बरोबरच असते. त्याऐवजी असे लिहा: ‘ताकायासूचा संशय, दोन्ही कॉमन कॅरॉटिड, सबक्लेव्हियन आणि काखेतील धमन्यांच्या भिंतीची जाडी मोजावी, ती सभोवार आणि एकसारखी आहे का ते नोंदवावे, पोटातील महाधमनी आणि मूत्रपिंडाच्या धमन्याही पाहाव्यात.’ शक्य असेल तर फोन करून बोला. तरुण मुलीच्या कॉमन कॅरॉटिडच्या आतल्या दोन थरांची जाडी साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. ताकायासूत ती एक मिलिमीटरच्या पुढे जाते, लांबवर, सभोवार आणि सारखी वाढलेली असते, आणि आडव्या छेदात मधली पोकळी काळी व भोवती करड्या रंगाचे जाड कडे असे चित्र दिसते. मॅकरोनीच्या नळीवरून त्याला ‘मॅकरोनी साइन’ म्हणतात. एथेरोस्क्लेरोसिसचा (धमनीत चरबी साचून होणाऱ्या रोगाचा) थर असा नसतो: तो एका बाजूला, तुकड्यातुकड्यांत, चुन्यासह आणि कॅरॉटिड जिथे दुभंगते तिथे जास्त असतो. ही सोनोग्राफी तुमच्या गावात आज होऊ शकते, तिला किरणोत्सर्ग नाही आणि खर्चही कमी आहे. तिची मर्यादा अशी की छातीतील महाधमनी तिच्या आवाक्याबाहेर राहते आणि डाव्या सबक्लेव्हियनचा उगम नीट दिसत नाही, म्हणून सोनोग्राफी स्वच्छ आली तरी संशय दाट असल्यास पुढे जावेच लागते.

पुढची तपासणी म्हणजे एमआरआय. युरोपीय संधिवात संघटनेच्या २०१८ च्या आणि त्यानंतर २०२३ मध्ये सुधारलेल्या शिफारशींत ताकायासूसाठी एमआरआयला पहिली पसंती दिलेली आहे, आणि जुनी कॅथेटर अँजिओग्राफी केवळ निदानासाठी करू नये असे म्हटले आहे. ती आता फुगा किंवा स्टेंट घालायचा असेल तेव्हाच करतात. एमआरआयमध्ये भिंतीची जाडी, तिच्यातली सूज आणि गॅडोलिनियम (शिरेतून देण्याचे रंगद्रव्य) दिल्यावर उजळणारे कडे ही तिन्ही दिसतात, आणि पुन्हा पुन्हा तपासणी करावी लागणाऱ्या तरुण मुलीवर किरणांचा भार पडत नाही. मागणीपत्रात मात्र ‘एमआर अँजिओ’ एवढेच लिहू नका. ‘महाधमनी व फांद्यांच्या भिंतीचे छेद, गॅडोलिनियमनंतर उशिराच्या प्रतिमांसह’ असे लिहा, नाहीतर पुन्हा पोकळीचेच चित्र हाती येईल. मूत्रपिंडाचे काम फार घटलेले असेल तर गॅडोलिनियमबाबत सावधगिरी हवी, आणि गरोदरपणात ते टाळावे.

एमआरआय लवकर मिळत नसेल तर सीटी अँजिओ करायला हरकत नाही. फक्त अहवालासोबत येणाऱ्या रंगीत त्रिमितीय चित्रावर समाधान मानू नका, कारण त्यात रंगद्रव्याने भरलेली पोकळीच दाखवलेली असते. फिल्म किंवा सीडी मागवा आणि आडवे छेद एकेक करून स्वतः पाहा. महाधमनीभोवती दोन-तीन मिलिमीटरहून जाड, सभोवार कडे आहे का? उशिराच्या टप्प्यात आतले कडे फिके आणि बाहेरचे उजळ असे दुहेरी वलय दिसते का? एका रुग्णेच्या अहवालात ‘महाधमनी सामान्य’ लिहिले होते आणि छेदांत कमानीची भिंत स्पष्ट जाड होती. अहवाल लिहिणाऱ्यासमोर प्रश्न पोकळीचाच ठेवला गेला होता, त्यामुळे मी दोष त्यांना देत नाही.

पेट-सीटी (दाह किंवा गाठ असलेली जागा उजळून दाखवणारा स्कॅन) कारण न कळलेल्या तापात फार मोलाची ठरते, कारण एकाच वेळी ती गाठी, संसर्ग आणि धमन्या असे सगळे दाखवते. धमनीच्या भिंतीतील उजळपणा यकृतापेक्षा जास्त असेल तर तो सक्रिय दाहाच्या बाजूने बोलतो. पण स्टिरॉइड सुरू झाले की काही दिवसांतच तो ओसरतो, रक्तातील साखर वाढलेली असेल तर चित्र बिघडते, आणि वयस्कांत एथेरोस्क्लेरोसिसही थोडा उजळतो. खर्च मोठा आणि किरणांचा भारही असतो, म्हणून प्रत्येकाला पेट-सीटी करण्याच्या मी विरुद्ध आहे. सोनोग्राफी व एमआरआय यांनी उत्तर मिळाले असेल तर ती नको.

निकषांबद्दल एक गैरसमज वारंवार दिसतो. अमेरिकन आणि युरोपीय संघटनांच्या २०२२ च्या संयुक्त निकषांत निदानाच्या वेळी वय ६० किंवा कमी आणि इमेजिंगमध्ये धमनीदाहाचा पुरावा या दोन गोष्टी अनिवार्य आहेत. त्यानंतर हाताची मंद नाडी, ब्रुई (धमनीवर ऐकू येणारा ‘सूं’ आवाज), हातापायांचे क्लॉडिकेशन, कॅरॉटिडमधील बिघाड यांना प्रत्येकी २ गुण, बाधित धमनीक्षेत्रांच्या संख्येनुसार १ ते ३ गुण, पोटातील महाधमनीसह मूत्रपिंडाची किंवा आतड्याची धमनी बाधित असल्यास ३ गुण, अशी मोजणी करून ५ गुणांवर वर्गीकरण होते. परंतु हे वर्गीकरणाचे निकष आहेत, आणि मध्यम किंवा मोठ्या धमन्यांच्या दाहाचे निदान आधीच झालेले आहे व ताकायासूसारखे दिसणारे नकली रोग वगळले आहेत, असे गृहीत धरूनच ते वापरायचे असतात. एकाच धमनीची भिंत सुजलेली, नाडी चांगली, अशी तुमच्यासारखी रुग्णा कदाचित ५ गुण भरणार नाही. म्हणून उपचार रोखून धरणे म्हणजे आणखी दोन धमन्या बिघडण्याची वाट पाहणे होय.

नकली रोगांत आपल्याकडे पहिला मान टीबीचा. ताप, वजन घटणे, वाढलेला ईएसआर आणि पॉझिटिव्ह मांटू (टीबीची त्वचाचाचणी), एवढ्यावर एकेटी (टीबीची औषधे) सुरू होते आणि सहा महिने हातचे जातात. भारतात मांटू पॉझिटिव्ह असणे इतके सर्वसामान्य आहे की त्यावरून फार काही ठरत नाही. मात्र टीबी खरोखरच महाधमनीला लागू शकतो, बहुधा शेजारच्या गाठीतून. तेव्हा भिंत एका ठिकाणी, वेडीवाकडी फुगते. सभोवार आणि लांबवर जाडी असे चित्र तो सहसा देत नाही. महाधमनीची झडप गळत असेल तर ‘रुमॅटिक हार्ट’ असे लिहिले जाते, पण मायट्रल झडप निरोगी असताना एकटी महाधमनीची झडप गळते आहे आणि तिचे मूळ रुंदावले आहे, असे दिसले की थांबून विचार करावा. फायब्रोमस्क्युलर डिस्प्लेसियात (धमनीच्या भिंतीच्या दाहाशिवाय होणाऱ्या विकृतीत) मूत्रपिंडाच्या धमनीचा मधला-शेवटचा भाग मण्यांच्या माळेसारखा दिसतो आणि ईएसआर शांत असतो. ताकायासू त्या धमनीच्या उगमाशी बसतो. जन्मजात कोआर्क्टेशन (महाधमनीचा जन्मतः अरुंद असलेला भाग), सिफिलिस आणि आयजीजी-४ रोग हेही मनात असावेत.

वय पन्नाशीच्या पुढे असेल तर मोठ्या धमन्यांच्या दाहाचे दुसरे रूप, जायंट सेल आर्टेरायटिस, पाहावे लागते. आपल्याकडे तो कमी दिसतो, पण दिसतो, आणि त्यातली घाई वेगळ्या जातीची आहे: कानशिलाचे नवे दुखणे, केस विंचरताना टाळू दुखणे, घास चावताना जबडा दुखून थांबावे लागणे, खांदे सकाळी आखडणे, आणि मग एके दिवशी एका डोळ्याची दृष्टी जाते, ती बहुधा परत येत नाही. इथे कानशिलाच्या व काखेच्या धमन्यांची सोनोग्राफी पहिली तपासणी आहे; पोकळीभोवती काळसर वलय दिसते आणि प्रोबने दाबले तरी ते नाहीसे होत नाही. पण संशय पक्का असेल तर स्टिरॉइड त्याच दिवशी सुरू करावे आणि सोनोग्राफी शक्यतो ७२ तासांच्या आत उरकावी, कारण वलय उपचाराने ओसरत जाते. बायॉप्सीत दाह त्यानंतरही दोन आठवडे किंवा अधिक काळ सापडू शकतो.

तुमच्या रुग्णेचे या आठवड्यात असे करावे. चारही हातापायांचे बीपी आणि सर्व नाड्या लिहून ठेवा. वर सांगितलेल्या शब्दांत सोनोग्राफी मागवा. इकोमध्ये महाधमनीचे मूळ व झडप पाहायला सांगा. क्रिएटिनिन आणि लघवीची तपासणी करा, ब्लड कल्चर पाठवा आणि टीबीचा शोध शक्य तितका पूर्ण करा, कारण पुढे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे द्यावी लागतील तेव्हा हाच कागद लागणार आहे. ती विवाहित आहे, तेव्हा पाळी चुकली आहे का आणि मूल हवे आहे का, हे आजच विचारा. मेथोट्रेक्सेट आणि मायकोफेनोलेट ही अशी औषधे गरोदरपणात चालत नाहीत, आणि ते आठवायची वेळ प्रिस्क्रिप्शन लिहिल्यानंतर येऊ नये. सोनोग्राफीत भिंत जाड दिसली तर एमआरआयसाठी आणि संधिवात-तज्ज्ञाकडे लगेच पाठवा. चक्कर येऊन शुद्ध हरपणे, दृष्टी अंधारणे, छातीत दुखणे किंवा धाप यांपैकी काहीही असेल, तर एमआरआयच्या तारखेसाठी थांबू नका, फोनवर बोलून स्टिरॉइड सुरू करा. असे काही नसेल तर चार-पाच दिवस स्टिरॉइड न देता इमेजिंग आधी करून घ्या; तापासाठी कोणी मध्येच डेक्सामेथासोन या स्टिरॉइडचे इंजेक्शन देणार नाही, याची तिच्या घरच्यांना समज द्या.

आणि एमआरआय झाल्यावर अहवालाच्या कागदासोबत मूळ प्रतिमांची सीडी तिच्याच हाती द्या, तिच्यावर तारीख लिहा. सहा महिन्यांनी किंवा वर्षाने नवी धमनी सुजली आहे की जुनीच आहे, हे ठरवताना दोन्ही सीडी शेजारी शेजारी उघडून पाहाव्या लागतात.